निधीच्या उपलब्धतेनुसार

माझ्या डाव्या पायाच्या कॅलिपरला, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या लोखंडी सांगाड्याला, गुडघ्यापाशी कडीचं लॉक आहे. बसताना कडी वर सरकवायची, मग गुडघा वाकतो. उठताना पाय ताणून सरळ केला की कडी आपोआप खाली पडते आणि 'खट्' असा आवाज होतो. पतसंस्थेत मी अठ्ठावीस वर्षं कारकुनी केली. तिथे हा आवाज सगळ्यांच्या इतका सवयीचा झाला होता की चहावाला पोऱ्या बाहेरूनच ओळखायचा, ताई उठल्या म्हणजे जेवणाची सुट्टी झाली. ग्रामसभेत मात्र मला त्याचा फार उपयोग होतो. मी तोंड उघडायच्या आधीच पुढच्या दोन-चार रांगा माना वळवतात.

२०१८ च्या २ ऑक्टोबरला अशीच उठले आणि विचारलं, "भाऊसाहेब, दिव्यांगांच्या पाच टक्क्यांचं काय झालं?"

आमचे तेव्हाचे ग्रामसेवक माणूस म्हणून चांगले. त्यांनी दोन कागद चाळले, सरपंचांकडे पाहिलं, सरपंचांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. मग भाऊसाहेब म्हणाले, "ताई, निधीच्या उपलब्धतेनुसार नियोजन करू."

टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत, पण विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. मलाही क्षणभर वाटलं. हे दोन शब्द असे आहेत की ऐकणारा आपणहून खाली बसतो. गावाकडे पैसा नाही, आणि नसलेला पैसा मागणारी बाई हटवादी, इतकं सगळं त्यात न बोलता येतं. मी बसले. कडी वर सरकवली.

घरी येताना डोक्यात तेच. पतसंस्थेत आम्ही ठेवीदाराला 'व्याज उपलब्धतेनुसार देऊ' असं एकदा जरी म्हटलं असतं तरी दुपारपर्यंत काउंटरला रांग लागली असती. (काही पतसंस्थांवर ती वेळ आलीही, तो वेगळा विषय.) आणि मुळात पाच टक्के ही काही ठरलेली रक्कम नाही, तो वाटा आहे. घरपट्टी, दिवाबत्ती, बाजाराची पावती असं ग्रामपंचायतीचं जे स्वतःचं उत्पन्न, त्यातले शंभर आले तर पाच दिव्यांगांसाठी द्यायचे, वीस आले तर एक द्यायचा. काहीच आलं नाही तर काहीच नको. यात उपलब्धतेचा प्रश्न येतो कुठून? नऊ-दहा वर्षांच्या पोराला शेकडेवारीत जे कळतं ते भर ग्रामसभेत मला सुचलं नाही, याचा राग मला भाऊसाहेबांपेक्षा स्वतःचा जास्त आला.

त्या रात्रीपासून मी गावाच्या वह्या वाचायला लागले, असं म्हणायला हरकत नाही.

*

माझा जन्म १९७० चा. दीड वर्षाची असताना ताप आला, आठवड्याने ताप उतरला तो पायातली ताकद घेऊनच. पोलिओचा डोस सरकारी लसीकरणात आला १९७९ साली, माझ्या हिशेबाने आठ वर्षं उशिरा. देशातली पोलिओची शेवटची रुग्ण सापडली १३ जानेवारी २०११ ला, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची दोन वर्षांची मुलगी. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्या दिवशी मी पतसंस्थेत पेढे वाटले होते. मॅनेजरांनी विचारलं, कसले? म्हटलं, आमची जमात संपली त्याचे.

पहिला कॅलिपर मुंबईला हाजी अलीच्या संस्थेत झाला. वडील मला कडेवर घेऊन एसटीने, मग लोकलने घेऊन गेले होते. कातड्याचा वास आणि समोर समुद्र, एवढंच आठवतं. पुढे दर दोन-तीन वर्षांनी उंची वाढेल तसा नवा लागायचा. वडील खर्चाची वही ठेवत, त्यात या खर्चासाठी वेगळं पानच होतं: 'बेबीचा पाय'. धान्य, खत, लग्नकार्य यांच्या बरोबरीचं पान. दुष्काळात १९७२ सालीही त्या पानावर सात रुपये जमा आहेत, खर्च काही नाही. पुढच्या पायासाठी बाजूला टाकलेले.

ती वही माझ्याकडे आहे. अंदाजपत्रक म्हणजे काय हे मला पतसंस्थेने शिकवलं असं लोकांना वाटतं. शिकवलं त्या पानाने. ज्याचं वेगळं पान आहे त्याला पैसे मिळतात. ज्याचं पान नाही त्याची फक्त कणव येते.

*

आपल्याकडे कायदा नाही असं कुणी म्हणू नये. कायदा आहे, आणि बरा आहे. पहिला झाला १९९५ साली. त्या डिसेंबरात अपंग माणसं दिल्लीत रस्त्यावर उतरली होती. जावेद अबिदी हे त्यातलं मोठं नाव, स्वतः चाकाच्या खुर्चीत बसणारा माणूस. त्यांचा आणखी एक आग्रह मला फार मोलाचा वाटतो. १९९१ च्या जनगणनेत अपंगांची मोजणीच नव्हती. २००१ च्या जनगणनेतही ती गाळली जाणार होती. त्यासाठी अबिदींनी आणि त्यांच्या सोबत्यांनी सरकारशी भांडण केलं आणि प्रश्नावलीत अपंगत्वाचा प्रश्न घालायला लावला. एका प्रश्नासाठी इतकी माणसं उन्हात बसली. ज्यांनी कधी वह्या सांभाळल्यात त्यांना त्याचं कारण समजावून सांगावं लागत नाही. मोजलंच नाही तर तरतूद कशाची करणार?

२०११ च्या मोजणीत देशात २ कोटी ६८ लाख अपंग निघाले, महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांच्या वर. त्यानंतर २०१६ चा नवा कायदा आला, १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला. जुन्यात सात प्रकार होते, नव्यात एकवीस झाले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, ॲसिड हल्ल्यात भाजलेल्या बाया, स्वमग्न मुलं, पार्किन्सनचे म्हातारे, सगळे आत आले. सरकारी नोकऱ्यांत तीनचे चार टक्के झाले. प्रकार तिप्पट झाले पण जनगणना काही पुन्हा झालेली नाही. आता २०२७ ला होईल म्हणतात. म्हणजे आम्ही आजही जुन्या मापाच्या कपड्यात नव्या अंगाने वावरतोय.

आमच्यात दाखल्यावरच्या अपंगत्वाच्या टक्क्यांचंच राज्य. दोन अपंग माणसं भेटली की नाव-गावाच्या आधी "तुमचे किती?" असं विचारतात. मी पंचावन्न. चाळीसच्या वर असलं तर सवलती, चाळीसला एक कमी पडला तर काही नाही. जिल्हा रुग्णालयात तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे एक रंगारी होता, उजव्या हाताची तीन बोटं यंत्रात गेलेला. त्याला किती मिळाले मला ठाऊक नाही, पण बाहेर येऊन तो बायकोला म्हणाला, "अजून एक बोट गेलं असतं तर बरं झालं असतं." दोघंही हसले. रांगेतले आम्हीही हसलो. अशा विनोदाला आमच्यात हसतात, बाहेरच्यांनी हसू नये अशी अपेक्षा असते.

नावं मात्र पटापट बदलतात. अपंगाचे दिव्यांग झाले, २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधान रेडिओवर बोलले आणि वर्षभरात पाट्या रंगवून झाल्या. ग्रामसेवकाचे २०२४ मध्ये ग्रामपंचायत अधिकारी झाले. मला कुणी काहीही म्हटलं तरी चालतं. 'दिव्य' काय आहे ते मात्र एकदा कुणीतरी मला माझा कॅलिपर चढवून एसटीच्या पहिल्या पायरीवर दाखवावं. तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, पायरीच्या उंचीत नाही.

*

आता मूळ मुद्दा, कारण याच्याबद्दल आमच्या माणसांतही गोंधळ असतो. मोर्चे दिल्लीला निघतात, पण आमच्यासाठीचा पैसा मुख्यतः मुंबईत ठरतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची आणि राज्याची कामं वाटून दिली आहेत. राज्यसूचीतली नववी नोंद अपंगांच्या आणि काम करू न शकणाऱ्यांच्या साहाय्याची. म्हणजे कायदा संसदेचा असला तरी ताटात वाढायचं काम राज्याचं. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनाचं बघा. दारिद्र्यरेषेखालचा, ऐंशी टक्क्यांच्या वर अपंग असलेला माणूस असेल तर महिना ३०० रुपये. हा आकडा २०१२ पासूनचा आहे. तेव्हापासून गॅसच्या टाकीचं काय झालं ते प्रत्येकाने आपापल्या घरी बघावं.

राज्याची संजय गांधी निराधार योजना १९८० पासूनची. २०१९ ला त्यातली रक्कम ६०० ची १,००० झाली, २०२३ ला १,५०० झाली. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजारी, सगळ्यांना सारखीच. ऐकायला समतेचं वाटतं. पण २०१६ च्या कायद्याच्या चोविसाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की अशा योजनांत अपंगांना इतरांपेक्षा किमान पंचवीस टक्के जास्त द्यायचं. कारण साधं आहे. तेवढंच जगायला आम्हाला जास्त खर्च येतो. माझ्या बहिणीला चपलेला दोनशे पुरतात, मला बूट आणि त्याला जोडलेला लोखंडी सांगाडा लागतो. १,५०० वर पंचवीस टक्के म्हणजे १,८७५. ते ३७५ रुपये वर्षानुवर्षं कुठल्याच खात्यात गेले नाहीत.

मी पतसंस्थेतल्या माणसासारखा हिशेब मांडून कागद तयार केला आणि आमच्या तालुक्यातल्या जथ्याबरोबर नागपूरला हिवाळी अधिवेशनावर गेले. टेम्पोत तीन तीनचाकी सायकली, दोन कुबड्यांचे जोड, डब्यात चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी. थंडीत कॅलिपरचं लोखंड इतकं गार पडतं की पहाटे पाय घालवत नाही. मी तो रात्री गोधडीत घेऊन झोपायचे, बाळासारखा. घोषणा दिल्या, निवेदनं दिली. एका आमदारांच्या स्वीय सहायकाने माझा कागद नीट वाचला. तो एवढंच म्हणाला, "ताई, मागणी बरोबर आहे, पण लेखाशीर्ष सांगा ना."

कुठल्या खात्यातून पैसे मागताय ते सांगा, असं. बाकीचे चिडले. मला मात्र तो माणूस आपला वाटला. मग मी शिकले: मुख्य शीर्ष २२३५, सामाजिक सुरक्षा व कल्याण. त्याखाली ०२, समाजकल्याण. त्याखाली १०१, अपंगांचं कल्याण. सगळ्या देशात हेच आकडे. मार्चच्या अर्थसंकल्पात सुटलं तर पुरवणी मागण्यांत धरायचं. २०२२ च्या डिसेंबरात राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला, देशात पहिलाच म्हणून गाजला. तेव्हा बरेच जण म्हणाले, एक खुर्ची वाढली, एक गाडी वाढली. मी म्हटलं, असू दे. सामाजिक न्याय विभागाच्या मोठ्या वहीत आपण एका कोपऱ्यात होतो, आता आपली वही झाली. वही रिकामी असेल तर रिकामी दिसेल तरी.

२०२५ च्या जूनमध्ये बच्चू कडू अमरावती जिल्ह्यात मोझरीला उपोषणाला बसले. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर त्यांची मागणी होती दिव्यांगांना महिना ६,००० ची. त्यांच्या राजकारणाबद्दल माझं मत विचाराल तर ते दर निवडणुकीला बदलतं, पण आमचा विषय राज्याच्या पहिल्या पानावर आणण्याचं काम या माणसाने केलं हे नाकारणार नाही. सहा हजार काही हवेतला आकडा नव्हे. आंध्र प्रदेशात जुलै २०२४ पासून तेवढे देतात. २०२५ च्याच सप्टेंबरात आपल्या मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी १,५०० चे २,५०० केले. पंचवीस टक्के जास्त मागत होतो, सासष्ट टक्के जास्त मिळाले. मी आनंदाने कॅल्क्युलेटर काढून पुन्हा पुन्हा तपासत होते.

तेवढ्यात आमच्या वाडीतली एक मुलगी आली. जन्मापासून ऐकू येत नाही, शिवणकाम करते. तिने मोबाइलवर लिहून दाखवलं, 'मला का नाही?' तिच्या भावाला एमआयडीसीत नोकरी लागली होती. या योजनेत अपंगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे. म्हणजे महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट रुपये, सगळ्या घराचे मिळून. घरात एक माणूस मजुरीला नियमित गेला तरी ती ओलांडेल. आणि भावाचा पगार झाला म्हणून हिला ऐकू यायला लागलं का? अपंगत्व हिचं, दाखला घराचा. लग्न करून भाऊ वेगळा निघाला तर ही पात्र, एकत्र राहिला तर अपात्र. घर फोडण्याला बक्षीस देणारी अट दुसरी मी पाहिली नाही.

*

गावाकडे परत येते.

नागपूरच्या आधीच मी ग्रामपंचायतीत माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला होता. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप आणि तीन ओळी. नमुना आठ गावात सगळ्यांना माहीत असतो, घराचा उतारा लागतो म्हणून. नमुना एक, म्हणजे अंदाजपत्रक, कुणी मागत नाही. मी पाच वर्षांचे मागितले. तिसाव्या दिवशी आले. तीन वर्षं 'अपंग कल्याण' समोर आडवी रेघ. एका वर्षी व्हीलचेअर एक नग. एका वर्षी 'किरकोळ'.

व्हीलचेअर कुठे आहे विचारल्यावर शिपायाने मागची खोली उघडली. होती खरी. हातांवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. तिच्यावर पल्स पोलिओचे जुने बॅनर घड्या घालून ठेवले होते. मी काही बोलले नाही, शिपाईही बोलला नाही. त्याने बॅनर उचलून खाली ठेवले आणि खुर्ची फडक्याने पुसायला लागला.

मागची बाकी धरून पुढच्या वर्षी चौतीस हजार रुपये निघाले. आमच्या गावच्या यादीत सत्तावीस माणसं. ती पहिलीच बैठक, आमच्याच ओट्यावर, म्हणजे कुणाला पायऱ्या नकोत. मी आधीच ठरवून बसले होते: ग्रामपंचायतीला आणि उपकेंद्राला नीट रॅम्प, धरायला कठडे. सामूहिक काम, कायम टिकणारं. दहा मिनिटं बोलले. कलमं सांगितली.

तात्या एका कोपऱ्यात काठी मांडीवर घेऊन बसले होते. चाळिशीनंतर दोन्ही डोळे गेलेत त्यांचे. म्हणाले, "ताई, तुला रॅम्प दिसतोय. मला तर त्योबी दिसत न्हाई."

सगळे हसले. मग शांतपणे म्हणाले, "माझं बाराशे मला दे. दिवाळीला म्हातारीला लुगडं घ्यायचंय. ती रोज मला हाताला धरून परसाकडं नेती, तिला मी काय देतो?"

खरं सांगायचं तर मला राग आला होता. बाराशे रुपये लुगड्यात घालायचे आणि गाव तसंच ठेवायचं! आपली माणसंच आपला प्रश्न समजून घेत नाहीत, वगैरे, कार्यकर्त्याला येतो तो सगळा राग. दोन-तीन दिवस मी तात्यांशी बोलले नाही. मग कळलं की माझ्या खात्यात दर महिन्याच्या एक तारखेला पगार जमा व्हायचा, म्हणून मला रॅम्प दिसत होता. त्यांच्या हातात वर्षभरात स्वतःची म्हणून आलेली नोट ती एवढीच असणार होती. ती कशावर उडवायची हे ठरवण्याचा मान मी कलम दाखवून काढून घ्यायला निघाले होते.

त्याच बैठकीत एक वहिनी होत्या. मुलगा अकरा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, मानही धरत नाही. त्या काही बोलल्या नाहीत. सगळे गेल्यावर उंबऱ्याशी थांबल्या.

"ताई, मला पैसं बी नगं आन् रॅम्प बी नगं. दिवसातनं दोन तास कुणी त्याच्यापाशी बसंल का? मला नुसतं रानात जाऊन यायचंय."

"काम आहे का रानात?"

"न्हाई. बांधावर बसायचंय."

याला लेखाशीर्ष कुठलं? मी कायदा पुन्हा काढला. चोविसाव्या कलमातच सापडलं. ज्याला जास्त आधाराची गरज आहे त्याच्यासाठी काळजीवाहकाचा भत्ता. शब्द आहे कायद्यात, छापलेला आहे. आमच्या गावात तो कुणाला मिळालेला मी अजून पाहिलेला नाही. कलमाच्या पहिल्याच ओळीत आहे, सरकारने आपल्या 'आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत' योजना कराव्यात. हे शब्द कायद्याने राज्यघटनेच्या एकेचाळीसाव्या अनुच्छेदातून उचलले आहेत. मी ते वाचून बराच वेळ बसले. म्हणजे आमचे भाऊसाहेब बिचारे काही मनाचं बोलत नव्हते. त्यांचं 'निधीच्या उपलब्धतेनुसार' थेट घटनेपासून उतरत उतरत गावच्या पारापर्यंत आलं होतं.

तेव्हापासून कुठलाही शासन निर्णय हातात आला की मी आधी तीन शब्द शोधते: 'शक्यतो', 'आवश्यकतेनुसार' आणि 'उपलब्धतेनुसार'. पेन्सिलने गोल करते. कधी कधी पान गोलांनीच भरतं. सर्वोच्च न्यायालयानेही एकदा असाच गोल केला. राजीव रातुरी हे दृष्टिहीन याचिकाकर्ते २००५ पासून सुगम, म्हणजे अपंगांनाही वापरता येतील अशा, इमारती आणि रस्त्यांसाठी भांडत होते. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की केंद्राच्या नियमांतली सुगमतेची मानकं सल्लेवजा आहेत, कायदा मात्र सक्तीची म्हणतो, म्हणून तो नियम कायद्याच्या बाहेर जातो. तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा. एकोणीस वर्षं लागली 'करावे'चं 'करावेच' व्हायला. त्या 'च'साठी.

*

आमचा तोडगा असा निघाला. तात्यांसारख्या सगळ्यांना रोख, ती पहिली दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी सत्तावीस जणांनी मिळून ठरवलं की यंदा निम्मे रोख, निम्मे सामूहिक. तात्यांनीच तो ठराव मांडला, असं लिहिलं तर गोड वाटेल, पण नाही, ते शेवटपर्यंत विरोधात होते आणि अजून आहेत. वहिनींच्या मुलासाठी गटातल्या दोघीजणी आळीपाळीने बसतात. त्यांना महिन्याचं मानधन सामूहिक निम्म्यातून देता येईल का यावर लेखापरीक्षणात आक्षेप निघाला. मी उत्तर लिहिलंय, कलमासकट. उत्तराला उत्तर अजून आलेलं नाही.

आणि रॅम्प. ग्रामपंचायतीला रॅम्प आहे, असं कागदोपत्री होतं. सुगम्य भारतची मोहीम २०१५ ला सुरू झाली, त्यानंतर कधीतरी तो ओतला. मी भावाची लोखंडी टेप घेऊन गेले. पायऱ्या चार, प्रत्येकी पंधरा सेंटिमीटर, म्हणजे चढ साठ सेंटिमीटरचा. एकास बारा उताराने रॅम्पची लांबी हवी सात मीटर वीस. आहे दीड मीटर. त्यावरून व्हीलचेअर नेली तर चढताना मागे पडेल आणि उतरताना थेट समोरच्या हापशावर जाईल. गावातली पोरं मात्र संध्याकाळी त्यावरून घसरगुंडी खेळतात. बाल कल्याणाच्या खर्चात दाखवायला हरकत नव्हती.

यंदाच्या अंदाजपत्रकात दुसऱ्या पानावर आमची ओळ आहे, आडव्या रेघेच्या जागी आकडा. नव्या ग्रामपंचायत अधिकारी बाई तरुण आहेत. त्यांनी सभेच्या आदल्या दिवशी फोन करून विचारलं, "ताई, पाच टक्के मी एकूण जमेवर काढलेत की फक्त स्वउत्पन्नावर, एकदा बघून देता का?" गेले, बघितलं, एका बेरजेत चूक होती, आमच्याच फायद्याची. दुरुस्त करून दिली. घरी येऊन थोडं वाईट वाटलं.

पंचायत समितीचे शाखा अभियंता येऊन रॅम्पचं माप घेऊन गेले. सात मीटर वीस सरळ बसत नाही, अंगणच तेवढं नाही. मध्ये सपाट टप्पा घेऊन वळवावा लागेल, असं त्यांचं म्हणणं. वळण जिथे येतं तिथे खडूने खूण केली आहे. ती रोज सकाळी झाकली जाते, कारण सरपंचांची बुलेट तिथेच लागते. मी संध्याकाळी पाय मोकळे करायला निघाले की जाऊन ती पुन्हा गिरवते.